साखरेच्या आकड्यापलीकडे

बालरोगतज्ज्ञाने मधुमेहावर लिहावे, हे काहींना अनधिकार वाटेल. परंतु करजगीसारख्या गावात मूल दवाखान्यात येते ते बहुधा आजी-आजोबांबरोबर. आणि नातवाची तपासणी आटोपली की आजोबा खिशातून स्वतःचा रिपोर्ट काढतात. "डॉक्टरसाहेब, शुगर नॉर्मल हाय न्हवं?" रक्तदाब किती, हे मात्र त्यांना ठाऊक नसते. कित्येकदा तो वर्षभरात मोजलेलाही नसतो.

मधुमेह म्हणजे केवळ साखर, ही समजूत आता मोडली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. मधुमेही माणूस बहुधा दगावतो तो हृदयविकाराने वा पक्षाघाताने. ब्रिटनमधील यूकेपीडीएस या अभ्यासाचे निष्कर्ष १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. रक्तदाब काटेकोरपणे आटोक्यात ठेवलेल्या मधुमेहींत पक्षाघाताचे प्रमाण ४४ टक्क्यांनी घटले. नुसती साखर काटेकोर ठेवून तशी घट दिसली नाही. पुढे २००४ च्या 'कार्ड्स' अभ्यासात, कोलेस्टेरॉल फारसे वाढलेले नसलेल्या सुमारे २८०० मधुमेहींना अ‍ॅटोरवास्टॅटिनची १० मिलिग्रॅमची गोळी अथवा निष्क्रिय गोळी देण्यात आली. औषध घेणाऱ्यांत पक्षाघात जवळजवळ निम्म्यावर आला. आपल्याकडे मात्र रिपोर्ट चांगला आला की ही गोळी प्रथम बंद होते! साखर सांभाळावीच, डोळे व मूत्रपिंडे त्यावर अवलंबून आहेत. पण तेवढ्याने हृदय सुरक्षित झाले, असे मानू नये.

"मी तर काटकुळा, मला कसला हार्टचा त्रास?" हा युक्तिवादही नेहमीचा. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळील सहा खेड्यांत गर्भवती व त्यांच्या अपत्यांचा अभ्यास केला. तेथील नवजात बालके इंग्रज बालकांहून वजनाने कमी, हडकुळी; तरीही अंगातील चरबी मात्र त्या मानाने टिकून असलेली. बारीक दिसणाऱ्या शेतकऱ्याच्या पोटात चरबी दडलेली असते ती अशी, जन्मापासून. म्हणून कंबर मोजावी. वजनकाट्यावर विसंबू नये.

ज्वारीच्या भाकरीचे आपण कौतुक करतो, ते रास्तच. परंतु तिच्यासोबतचे लोणचे, पापड व खारट शेंगाचटणी कोण मोजतो? तंबाखूच्या पुडीविषयी तर बोलायचीच चोरी. ती सुटल्याखेरीज इतर उपचार अर्धेच राहतात.

माझी सूचना साधी आहे. आपल्या संघटनेच्या प्रत्येक शिबिरात साखरेआधी रक्तदाब मोजावा आणि तो आकडा रुग्णाच्या वहीत ठळक लिहून द्यावा. बहुतेक मधुमेहींत तो १३०/८० च्या खाली असणे इष्ट. चाळिशीपुढील मधुमेहींना कोलेस्टेरॉलच्या गोळीविषयी आपणहून सांगावे.

घरच्यांसाठी आणखी एक. मधुमेहीच्या हृदयविकारात छातीत कळ येईलच असे नाही. दरदरून घाम, धाप, मळमळ एवढेच दिसते व "गॅस झालाय" म्हणून सोडा पाजला जातो. तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे, बोबडी वळणे ही पक्षाघाताची चिन्हे. गुठळी विरघळविण्याचे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. करजगीहून कलबुर्गी वा सोलापूर गाठण्यातच त्यातला बराच वेळ जातो. तेव्हा गाडी कोणाची व चालक कोण, हे आजच ठरवून ठेवावे.