थर्मामीटर आणि पक्कड

दोस्तहो, दाताबद्दल लिहितोय म्हणून हसू नका.

खालची दाढ तीन रात्री ठणकत होती. रात्रपाळीत लवंग दाबून रिंग फ्रेमवर उभा राहिलो. चौथ्या सकाळी पाळी सुटली तसा थेट दवाखान्यात गेलो. नाव सांगत नाही. तुमच्या गल्लीच्या तोंडाला तसाच एक असेल. काचेचं दार, भिंतीवर हसणाऱ्या गोऱ्या बाईचे बत्तीस दात.

आतलं दार अर्धं उघडं. माझ्याआधी खुर्चीत एक बाई, गाडीतनं आलेल्या. त्यांच्यासाठी कामाच्या पोरीनं एक पाकीट आणलं, एका अंगानं कागद, दुसऱ्या अंगानं प्लॅस्टिक. त्यांच्या डोळ्यांपुढं टर्रकन फाडलं, आतनं हत्यारं काढली. बाई उठल्या, मी बसलो. माझ्या वेळी पाकीट नाही. ट्रेमधली पक्कड पोरीनं बोळ्यानं पुसली, स्पिरिटचा वास आला, झालं. डॉक्टरच्या हातात मघाचेच मोजे. मोज्यावर एक लाल ठिपका होता. तो माझा नव्हता. माझं रक्त अजून निघायचं होतं.

मी विचारलं, "डॉक्टर, पाकीट नाय फोडलं?"

हसला. "उकळलेलं असतं रे सगळं. तुम्ही लोक तंबाखू खाऊन तोंडाचा उकिरडा करता, आणि वर आम्हाला स्वच्छता शिकवता?"

तुम्ही लोक! हे दोन शब्द आपल्याला आईच्या दुधाआधी पाजलेले आहेत.

दाढ निघाली. तिसऱ्या दिवशी जबडा इतका सुजला की तोंडात बोट जाईना. सरकारी इस्पितळात चिरून पू काढला. नऊ दिवस बिनपगारी. पकडीनंच झालं असं मी छातीला हात लावून म्हणणार नाही, सडक्या दाढेनंही सूज येते. पण 'ब' काविळीचा विषाणू वाळल्या रक्तात सात सात दिवस तग धरतो. त्या लाल ठिपक्याचा हिशेब मी कोणाकडं मागायचा?

आता बाबासाहेबांकडं येतो. त्यांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये काठेवाडातल्या एका अस्पृश्य मास्तरची हकिकत आहे. त्याचं पत्र १२ डिसेंबर १९२९ च्या 'यंग इंडिया'त छापून आलं होतं. बाळंतीण बायको गंभीर आजारी. डॉक्टर वस्तीत यायला तयार नाही. गावातल्या बड्यांच्या हातापाया पडून, दोन रुपये फी कबूल करून, बाईला वस्तीबाहेर आणलं तेव्हा तो आला. थर्मामीटर त्यानं एका मुसलमानाच्या हाती दिला, त्यानं मास्तरच्या, मास्तरनं बायकोच्या. त्याच वाटेनं परत. डॉक्टरनं दिव्याच्या उजेडात लांबूनच पारा बघितला आणि न्युमोनिया म्हणून मोकळा झाला. पुढं बाई मेली.

आता कोणी शहाणा म्हणेल, बघा किती प्रगती! तेव्हा थर्मामीटर द्यायला नको होता, आता तोंडात हात घालतात. घालतात, खरं आहे. पण तेव्हा त्यांच्या वस्तूला आमचा विटाळ व्हायचा म्हणून भीती होती. आता आम्हाला त्यांच्या हत्यारातनं काय होईल ह्याची भीती कोणालाच नाही. सोवळं स्वतःसाठी असतं, स्वच्छता दुसऱ्यासाठी असते. हा देश सोवळ्यात तरबेज आहे. गड्यांनो, तिथं वाफेचं यंत्र होतं. पाकिटं होती. म्हणजे कसं करायचं ते माहीत होतं, आणि कोणासाठी करायचं तेही ठरलेलं होतं.

डॉक्टर कुठल्या जातीचा, विचाराल. मी विचारलं नाही. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर असती तर? तर मी दुप्पट भांडलो असतो.

आमच्या गिरणीत सुताच्या कोनालासुद्धा वाफ देतात, धागा तुटू नये म्हणून. दाबाखालच्या वाफेत, १२१ अंशावर, निदान पंधरा मिनिटं. हत्यार निर्जंतुक व्हायला एवढंच लागतं. नुसत्या उकळण्यानं सगळे जंतू मरत नाहीत. सुताला वाफ मिळते, सूत काढणाऱ्याच्या तोंडाला मिळत नाही.

आणि हा एका सुजलेल्या जबड्याचा मामला समजू नका. तामिळनाडूत वाणियंबाडी म्हणून गाव आहे, चामड्याच्या कारखान्यांचं. २०२२-२३ साली तिथल्या एकाच दातांच्या दवाखान्यात गेलेल्या दहा जणांच्या मेंदूपर्यंत एक मातीपाण्यातला जंतू पोचला. आठ मेले. शास्त्रज्ञांनी शोध घेऊन २०२५ साली छापलं. हिरडी उचलायच्या हत्यारानंच सलाईनची बाटली उघडायचे, तीच बाटली ढिल्या बुचानं परत परत वापरायचे. दात दाखवायला गेलेली माणसं, मित्रांनो!

कायद्याचं म्हणाल तर महाराष्ट्रातला १९४९ चा कायदा खाटा असलेल्या नर्सिंग होमांची नोंदणी बघतो. दाताच्या खुर्चीला खाट कोण म्हणणार? दिल्लीचा २०१० चा दवाखान्यांचा कायदा आपल्या राज्यानं घेतलाच नाही. कचऱ्याचे २०१६ चे नियम मात्र लहानातल्या लहान दवाखान्यालाही लागू आहेत. सुया टोचणार नाहीत अशा बंद डब्यात गेल्या पाहिजेत. जातात कुठं? घंटागाडीत. आणि त्या घंटागाडीत हात घालून कचरा निवडणारी बाई कोण असते, हे मी तुम्हाला सांगायचं का?

आमच्या शाखेच्या बैठकीत हे मांडलं तर एक कार्यकर्ता म्हणाला, "आधी आरक्षण बघू, दातांचं काय घेऊन बसलास?" त्याच्याच बापाची दाढ त्याच खुर्चीत काढलेली आहे. पुतळ्याला कोणी दगड मारला तर आपण रात्रभर जागतो, जागायलाच पाहिजे. मग जिवंत माणसाच्या तोंडात दुसऱ्याचं रक्त गेलं तर झोप कशी लागते? चवदार तळ्यावर १९२७ साली आपली माणसं ओंजळीनं पाणी प्याली, ती काय नुसत्या तहानेनं? आपलं तोंड माणसाचं आहे म्हणून.

माझी वरची दाढ आता ठणकायला लागलीय. सोमवारी सकाळी नऊला त्याच दवाखान्यात जाणार, दुसरा परवडत नाही. पाकीट माझ्यापुढं फाडल्याशिवाय आणि मोजे बदलल्याशिवाय तोंड उघडणार नाही. दोघंतिघं बरोबर या. सुया कुठल्या डब्यात टाकतात तेही बघू.