मार्कांत खोलीचाही वाटा असतो

‘सराव परीक्षेत चांगले मार्क पडायचे, मग नीटमध्येच काय झालं?’ निकालानंतर हा प्रश्न पालक हमखास विचारतात. ‘घाबरला असेल’ असं म्हणून आपण मोकळे होतो. माझं मत असं, की मुलाला दोष देण्याआधी त्याने पेपर किती वाजता आणि कशा खोलीत लिहिला, तेही विचारा.

नीट होते मे महिन्यात, दुपारी 2 ते 5. प्रवेशद्वार दीडला बंद होतं, म्हणजे मुलं भर उन्हात रांगेत. घामावाटे पाणी आणि क्षार जातात. त्यात ‘मध्येच लघवीला जावं लागू नये’ म्हणून अनेक जण, विशेषतः मुली, सकाळपासून पाणीच पीत नाहीत. मग डोकं जड होतं, लक्ष उडतं, येणारं उत्तरही चुकतं. एका चुकीने 4 गुण हुकतात आणि 1 वजा होतो.

हा मनाचा खेळ नाही. 2016 च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या बोस्टनमध्ये विद्यार्थ्यांची चाचणी घेतली गेली. उष्णतेच्या लाटेत एसी नसलेल्या खोल्यांत राहणाऱ्यांना उत्तरं द्यायला सुमारे 13 टक्के जास्त वेळ लागला. ही तरुण, धडधाकट मुलं होती.

4 मे 2025 ला इंदूरमध्ये नीट चालू असताना वादळाने वीज गेली. काहींनी अंधुक उजेडात पेपर लिहिला. प्रकरण कोर्टात गेलं, पण फेरपरीक्षा झाली नाही. म्हणून काळजी आधीच घ्यायला हवी.

घरी एवढं करा:

• शेवटचे दोन-तीन आठवडे सराव पेपर दुपारी 2 ते 5 याच वेळेत, एसीशिवाय सोडवू द्या.
• परीक्षेच्या दिवशी सकाळपासून थोडं थोडं पाणी, सोबत हलकं जेवण.
• आदल्या रात्री जागरण नको. नवीन गोळी किंवा ‘ताकदीचं’ पेय तर नकोच.
• रांगेत टोपी किंवा छत्री.

आपल्या संत तुकाराम नगरातल्या पालकांनो, शाळेच्या पालक सभेत पंखे, पिण्याचं पाणी आणि स्वच्छ शौचालय यांचा विषय जरूर काढा. राज्य मंडळाने दहावी-बारावीच्या पेपरला शेवटी 10 मिनिटं वाढवून दिलीच ना? व्यवस्था बदलता येते. मागणी मात्र करावी लागते.