विश्लेषण : दसऱ्याच्या पावसात आतषबाजी का फसते?

नागपूरच्या कस्तुरचंद पार्कवर सनातन धर्म युवक सभेतर्फे होणारे रावणदहन आणि त्यासोबतची आतषबाजी हा शहराच्या दसऱ्याचा जुना भाग आहे. पण ज्या वर्षी दसरा लवकर येतो, त्या वर्षी आयोजकांपासून मुलांना खांद्यावर घेऊन आलेल्या पालकांपर्यंत सगळ्यांचे डोळे आभाळाकडे लागतात. पाऊस आला तर काय बिघडते, काय बिघडत नाही आणि कार्यक्रम थांबवायचा केव्हा?

दसरा पावसात का सापडतो?

चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असते. त्यामुळे सण दरवर्षी इंग्रजी तारखेने सुमारे ११ दिवस अलीकडे सरकतात आणि अधिक मास आला की पुन्हा पुढे जातात. २०१७ मध्ये दसरा ३० सप्टेंबरला होता, तर २०२० मध्ये अधिक आश्विन आल्याने २५ ऑक्टोबरला. २०२३ मध्ये तो २४ ऑक्टोबरला, तर २०२५ मध्ये २ ऑक्टोबरला होता. विदर्भातून मोसमी पाऊस साधारणतः ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात परततो. म्हणजे लवकर येणारा दसरा थेट परतीच्या पावसाच्या वाटेत असतो. हा पाऊस दिवसभर रिपरिप करत नाही. दुपारी ऊन तापते, ढग दाटतात आणि संध्याकाळी विजांसह सर कोसळते. रावणदहनाची वेळही नेमकी तीच.

पाण्याने फटाका निकामी होतो का?

काळ्या दारूत साधारण ७५ टक्के पोटॅशियम नायट्रेट, १५ टक्के कोळसा आणि १० टक्के गंधक असते. नायट्रेट पाण्यात सहज विरघळते. भिजलेली दारू वाळवली तरी मिश्रण पूर्वीसारखे एकजीव राहत नाही, त्यामुळे ती नीट पेटेल याचा भरवसा उरत नाही. मात्र पाण्याचा पहिला फटका बसतो तो वातीला आणि कागदी वेष्टनाला. म्हणून जाणकार आतषबाज नळ्यांची तोंडे प्लास्टिक किंवा फॉइलने झाकतात. गोळा ते आवरण फाडून वर जातो. हलक्या सरीत अशी आतषबाजी व्यवस्थित होऊ शकते. पुतळ्यांचे मात्र तसे नाही. बांबू आणि कागदाचा रावण भिजला की बाहेरून पेटत नाही, आतले फटाके तेवढे वाजतात. पुतळ्यावर शेवटपर्यंत ताडपत्री ठेवणे आणि ऐनवेळी काढणे, एवढाच उपाय. ताडपत्रीसकट पुतळा पेटवणे म्हणजे जमलेल्या लोकांना जळक्या प्लास्टिकचा धूर देणे.

मग आभाळातले रंग फिके का दिसतात?

दोष बहुतेक वेळा ढगांना दिला जातो. पण तीन इंची गोळा साधारण ९० ते १०० मीटरवर फुटतो आणि पावसाळी ढगही सहसा त्याहून बरेच वर असतात. खरी अडचण धुराची असते. दमट हवेत धुराचे कण ओलावा शोषून फुगतात आणि प्रकाश जास्त विखुरतात. त्यात वारा पडलेला असला तर पहिल्या पाच मिनिटांचा धूर पुढच्या पंधरा मिनिटांच्या आतषबाजीवर पडदा टाकतो. पावसाने हवा लगेच धुऊन निघते हा समजही अर्धाच खरा आहे. जाड धूळ खाली बसते. फुप्फुसात खोल जाणारे बारीक कण हलक्या सरीला दाद देत नाहीत. म्हणून मंद वारा पाठीमागून येईल अशी जागा धरणे चांगले. धूर पुढे जातो आणि राखही अंगावर पडत नाही.

नागपूरचा यात आणखी काय संबंध?

देशातील फटाक्यांच्या दोन महत्त्वाच्या गोष्टी याच शहरात ठरतात. स्फोटकांचे परवाने आणि सुरक्षेचे नियम पाहणाऱ्या ‘पेसो’चे मुख्यालय नागपुरात आहे. कमी धुराचे ‘हरित फटाके’ विकसित करण्यात पुढाकार घेणारी ‘नीरी’ही नागपूरचीच. तिच्या ‘स्वास’ प्रकारातील फटाका फुटताना पाण्याची वाफ सोडून धूळ दाबतो. या फटाक्यांतून सूक्ष्म कणांचे उत्सर्जन किमान ३० टक्क्यांनी घटते, असे सांगितले जाते. सर्वोच्च न्यायालयाने २३ ऑक्टोबर २०१८ च्या निकालात बेरियमयुक्त फटाक्यांना मनाई केली आणि ठरावीक जागी सामूहिक आतषबाजीचा पर्याय पुढे केला. गल्लोगल्ली तासन् तास धूर करण्यापेक्षा एका मैदानावर, जाणकारांच्या हातून, वीस मिनिटांची आतषबाजी केव्हाही बरी. म्हणूनच मैदानावरचा कार्यक्रम नीट होणे महत्त्वाचे आहे.

खरा धोका कशाचा?

पावसापेक्षा विजेचा आणि गर्दीचा. उघडे मैदान, उंच पुतळा आणि छत्र्या उघडून उभे लोक हे विजेच्या दृष्टीने वाईट गणित आहे. वीज चमकल्यापासून ३० सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर पक्क्या इमारतीत जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये, असा साधा नियम आहे. टोकियोतील सुमिदा नदीवरची प्रसिद्ध आतषबाजी २७ जुलै २०१३ रोजी वादळी पावसामुळे सुमारे अर्ध्या तासातच थांबवण्यात आली. लोक चिंब होऊन घरी गेले, पण घरी गेले.

गर्दीचा धडा आपल्याच देशातला आहे. १९ ऑक्टोबर २०१८ रोजी अमृतसरला रावणदहन पाहताना रुळांवर उभ्या असलेल्या सुमारे ६० जणांचा रेल्वेखाली मृत्यू झाला. तिथे पाऊस नव्हता; पण नजर आभाळाकडे असली की पायाखालचे भान सुटते, हे त्या संध्याकाळने दाखवले. चिखलात, अचानक आलेल्या सरीत सगळे एकाच फाटकाकडे धावले तर काय होईल, याचा विचार सर येण्यापूर्वीच व्हायला हवा. शिवाय अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर लाखो अनुयायी येतात. त्या दिवशी रस्ते, बस आणि मेट्रोवर आधीच भार असतो. आडोशाची गरज दूरवरून आलेल्या त्या लोकांनाही तेवढीच असते.

काय करायला हवे?

आयोजक आणि प्रशासनाने दुपारी चारच्या सुमारास हवामान विभागाचा ताजा अंदाज पाहून निर्णय जाहीर करावा : कार्यक्रम वेळेवर, उशिरा की फक्त प्रतीकात्मक दहन. तो ध्वनिक्षेपकावर आणि मोबाइलवर एकाच वेळी कळावा. विजा कडाडू लागल्यावर ‘जरा थांबा, होईलच’ असे सांगून गर्दी धरून ठेवू नये. प्रेक्षकांनी ‘दामिनी’ ॲपवर विजेचा इशारा पाहावा, छत्रीऐवजी रेनकोट घ्यावा आणि मुलांशी भेटण्याची एक जागा आधीच ठरवावी. न फुटलेला ओला फटाका पुन्हा पेटवू नये. दुसऱ्या दिवशी सकाळी मुले मैदानावर तेच वेचायला जातात, म्हणून रात्रीच साफसफाई करणे हे आयोजकांचे काम आहे.

आतषबाजी दुसऱ्या दिवशीही करता येते. हजारो माणसे मैदानावर बोलावणाऱ्यांची पहिली जबाबदारी ती माणसे सुखरूप परत पाठवण्याची आहे. रावण अर्धवट जळाला तरी चालेल. ही जबाबदारी अर्धवट राहून चालणार नाही.