काल्याचा हिशेब

खंडेनवमीला वागळे इस्टेटच्या गाळ्यांमध्ये यंत्रांना झेंडूचे हार चढतात आणि पॅकिंगच्या टेबलावर विषय निघतो तो दिवाळीच्या एकत्र जेवणाचा. हॉटेल ठरते, माणशी 300 रुपये वर्गणी ठरते. कोणी हरकत घेत नाही. दोन दिवस आधी एकीचा निरोप येतो की गावाहून पाहुणे आलेत. दुसरीच्या मुलाला ताप आलेला असतो. खरे तर पाहुणेही नसतात आणि तापही नसतो. घरच्या चौघांचे 1200 रुपये तेवढे नसतात.

वागळे इस्टेट ही 1962 साली स्थापन झालेल्या एमआयडीसीची पहिली औद्योगिक वसाहत. मोठे कारखाने गेले, काही जागी आयटी कंपन्यांच्या इमारती उभ्या राहिल्या. पण किसननगर, इंदिरानगरच्या चाळींतून लहान गाळ्यांत कामाला येणारी माणसे अजून आहेत. त्यांच्या घरात भाडे, शाळेची फी, कर्जाचा हप्ता यांना हात लावता येत नाही. ओढाताण झाली की कात्री लागते ती किराण्याला. त्यातही तांदूळ-गहू सहसा सुटतात, कारण रेशन कार्डाच्या प्राधान्य गटात नाव असेल तर माणशी 5 किलो धान्य महिन्याला फुकट मिळते. कमी होते ती डाळ, दूध, अंडी, पालेभाजी. आणि कमी झालेले कोणाच्या ताटातून जाते, हे प्रत्येक घराला ठाऊक आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (2019-21) महाराष्ट्रातील 15 ते 49 वयाच्या सुमारे 54 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. एका वर्गणीने रक्तक्षय होत नाही, हे खरे. पण सणाचा खर्च पुढच्या पंधरवड्यात बाईच्या ताटातून वसूल होत असेल, तर तो आरोग्याचाच प्रश्न आहे.

यावर शहाणी माणसे सल्ला देतात की परवडत नसेल तर जाऊ नये. हा सल्ला चुकीचा आहे. ऑक्सफर्डचे मानसशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांच्या 2017 च्या अभ्यासात, इतरांसोबत वारंवार जेवणारी माणसे अधिक समाधानी आणि आपल्या परिसराशी अधिक जोडलेली आढळली. 2025 च्या जागतिक आनंद अहवालात तर सहभोजनावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. मुळात समाधानी असलेली माणसेच जास्त वेळा एकत्र जेवत असतील, ही शंका रास्त आहे. तरीही ज्या मैत्रिणीकडून अडीअडचणीला उसने मिळते, रात्री-बेरात्री जी दवाखान्यात सोबत येते, तिच्याशी नाते अशा पंगतीतच घट्ट होते. बदलायची आहे ती वर्गणी.

ठाण्याची दहीहंडी लाखोंच्या बक्षिसांसाठी प्रसिद्ध आहे, पण हंडीतला काला मात्र स्वस्तच असतो. प्रत्येकाने आपली शिदोरी आणायची आणि सगळी एकत्र कालवायची. पोहे कोणाचे, दही कोणाचे, हे नंतर ओळखता येत नाही. दिवाळीचे जेवणही तसेच करता येते. फक्त एक काळजी घ्यायची. 'ज्याने त्याने हवे ते आणा' म्हटले की एक जण पनीर आणतो आणि काकडीची कोशिंबीर आणणारी संकोचते. म्हणून बेत आधी ठरवावा आणि तो साधाच ठेवावा: आमटी-भात, मटकीची उसळ, कोशिंबीर, एक गोड. जिला काहीच जमणार नाही तिने पुरण वाटावे. ते काम लहान नाही, हे वाटणारीलाच माहीत.

या बेतात पोषणही कमी नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या मार्गदर्शक सूचनांत 2000 कॅलरींच्या आहारासाठी रोज 85 ग्रॅम डाळ-कडधान्य सांगितले आहे. बारा जणांच्या पंगतीला किलोभर कडधान्य व डाळ लागली, तर दिवसाचा वाटा एका जेवणातच भरला. उसळीवर लिंबू पिळले की त्यातले लोह अंगी लागायला मदत होते. जेवणावर लगेच चहा घेतला की उलटे होते. तळण हवेच असेल तर एकच करावे.

सरकारने 2022 च्या दिवाळीला 'आनंदाचा शिधा' सुरू केला. 100 रुपयांत रवा, साखर, चणाडाळ एकेक किलो आणि लिटरभर पामतेल मिळे. आहारशास्त्राच्या नजरेने त्या पिशवीत कामाची वस्तू डाळच. पण अनेक घरांत त्या डाळीवर पुरणपोळी झाली. 2025 च्या दिवाळीला शिधा आला नाही, त्यामुळे त्या घरांना वर्गणी आणखी जड झाली.

हॉटेलच हवे असेल तर भिशीसारखे महिन्याला 25 रुपये बाजूला काढले, तरी वर्षात माणशी 300 होतात. आणि आकडा ठरवताना पहिला शब्द सुपरवायझरचा नसावा. सर्वात कमी पगाराची जी बाई टेबलाच्या टोकाला बसते, तिला आधी विचारावे.