विमानावरची पाच अक्षरं



या महिन्याचा विषय सौंसरहून आला आहे. माझी भाची अकरावीत शिकते. तिच्या दादाने तिला फोकर एफ-२७ फ्रेंडशिप या जुन्या डच प्रवासी विमानाचं प्लास्टिकचं किट भेट दिलं. दिवाळीच्या सुट्टीत तिने ते जोडलं, पॉलिश पेपरने घासलं, पांढरं रंगवलं आणि तिथे गाडी अडली. खोक्यातली अक्षरं आणि पट्टे युरोपातल्या कंपनीचे. हिला हवं होतं आपलं, इंडियन एअरलाइन्सचं. "मावशी, आपली अक्षरं कुठे मिळतील?" असा तिचा फोन आला.

या अक्षरांना छंदवाले 'डेकल' म्हणतात. आमच्या लहानपणी त्याला ट्रान्सफर म्हणत. आजीच्या शिलाई मशीनवरची सोनेरी नक्षी, जुन्या सायकलच्या दांडीवरचं कंपनीचं नाव, हे सगळं ट्रान्सफरच. कागदावर डिंकाचा थर, त्यावर पारदर्शक पापुद्रा, त्यावर छपाई. पाण्यात भिजवलं की डिंक सुटतो आणि चित्र अलगद सरकवून हवं तिथे बसवता येतं.

आता हे विमान आपलं कसं, ते सांगते. फोकर ही नेदरलँड्सची कंपनी. दुसऱ्या महायुद्धातून उरलेली डकोटा विमानं जगभर प्रवासी वाहत होती. त्यांची जागा घेण्यासाठी फोकरने हे विमान बनवलं. पहिलं उड्डाण २४ नोव्हेंबर १९५५ रोजी झालं. पंख वरच्या बाजूला, खिडक्या मोठ्या लंबगोल, त्यामुळे प्रवाशाला खालची जमीन मोकळी दिसायची. १९६१ पासून ते इंडियन एअरलाइन्सकडे आलं आणि लहान शहरांच्या धावपट्ट्यांवर उतरू लागलं.

डकोटा म्हटलं की आमच्या पांढुर्ण्याच्या काकाजींचा चेहरा उजळतो. वय पंच्याऐंशी. साठच्या दशकात ते नागपूरला आर.एम.एस.मध्ये, म्हणजे रेल्वे टपाल सेवेत होते. जानेवारी १९४९ ते ऑक्टोबर १९७३ या काळात नागपूर हे देशाच्या रात्रीच्या हवाई टपालाचं केंद्र होतं. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथून रोज रात्री एकेक विमान सोनेगावला यायचं, थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि पहाटेपर्यंत चारही विमानं आपापल्या गावी परत जायची. या सेवेत डकोटाही होती. दिल्ली-नागपूर सरळ रेघ नकाशावर ओढली तर ती सौंसरच्या जवळून जाते. रात्री अंगणात झोपलेल्यांना वर घरघर ऐकू यायची आणि "टपाल चाललं" असं म्हणत, हे काकाजींकडूनच मी ऐकलं आहे.

भाचीला मी पहिला प्रश्न विचारला, तुझं विमान कोणत्या सालचं? कारण अक्षरं साल सांगतात. १९२४ साली ॲम्स्टरडॅमहून बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जकार्ताला, जे पहिलं डच विमान भारतावरून गेलं, तेही फोकरचंच. त्याच्यावर एच-एनएसीसी असं लिहिलेलं होतं. १९२९ पासून डच विमानांवर पीएच आलं. आपल्याकडेही त्याच सुमारास व्हीटी आलं. जे. आर. डी. टाटांनी १९३२ साली कराचीहून मुंबईला टपाल आणलं ते विमान व्हीटी-एडीएन. 'व्हीटी म्हणजे व्हाइसरॉयचा मुलूख' असं आपण ऐकतो, पण ही अक्षरं रेडिओच्या आंतरराष्ट्रीय वाटणीत हिंदुस्थानच्या वाट्याला आली होती.

तिच्या दादाने सुचवलं, व्हीटी-डीएमए कर. हे 'गंगा' विमान. ३० जानेवारी १९७१ रोजी श्रीनगरहून जम्मूला जाताना ते पळवून लाहोरला नेलं गेलं. प्रवासी आणि कर्मचारी सुखरूप सुटले, विमान मात्र तिथे जाळण्यात आलं. त्यानंतर भारताने पाकिस्तानी विमानांना आपल्या हद्दीवरून उडायला बंदी केली. त्यांना पूर्व पाकिस्तानात जायला श्रीलंकेला वळसा घालावा लागला आणि त्याच वर्षअखेरीच्या युद्धात त्याचा परिणाम दिसला.

काकाजींना हे पटलं नाही. "जळालेलं विमान शोकेसमध्ये कशाला? डकोटा कर." भाची म्हणाली, "आजोबा, मी जळायच्या आधीचं करतेय. त्यात माणसं बसून कामाला जात होती, ते." काकाजी काही वेळ गप्प राहिले. मग रेडिओवर ती बातमी ऐकली त्या दिवशी टपाल कचेरीत काय बोलणं झालं, ते सांगत बसले. घरात आजवर हे कोणी विचारलंच नव्हतं. भाचीने ते वहीत उतरवून घेतलं.

आता करायचं कसं. इंकजेट प्रिंटरसाठीचा डेकल कागद ऑनलाइन मिळतो. घरचा प्रिंटर पांढरा रंग छापत नाही, हे आधी लक्षात घ्या. गडद भागावर पांढरं अक्षर हवं असेल तर पांढऱ्या पाठीचा कागद घ्या. छापल्यावर पारदर्शक ॲक्रिलिकचे दोन-तीन पातळ हात द्या, नाहीतर पाण्यात शाई पसरते. मॉडेलवर आधी चकचकीत वार्निश हवं. खरखरीत पृष्ठभागावर पापुद्र्याखाली हवा अडकते आणि चंदेरी डाग दिसतात. अक्षर कडेला लागून कापा, कोमट पाण्यात वीस-तीस सेकंद ठेवा, सरकवा, मऊ कापडाने टिपा. वळणावर बसत नसेल तर थोडा पांढरा व्हिनेगर लावा.

माप काढायला सोपं आहे. खऱ्या विमानाच्या पंखांचा विस्तार २९ मीटर, १:७२ मध्ये तो ४० सेंटिमीटर होतो. विमानावरचं ३० सेंटिमीटरचं अक्षर या मापात चार मिलिमीटर भरतं, १:१४४ मध्ये जेमतेम दोन. दोन मिलिमीटरमध्ये देवनागरीची वेलांटी आणि अनुस्वार एकमेकांत मिसळतात, म्हणून मोठं किट घ्या. विमानावर हिंदीतलं नाव असेल तर ते 'एयर' असतं, आपण मराठीत 'एअर' लिहितो. शाळेत हिंदी आणि घरी मराठी लिहिणाऱ्या आपल्या मुलांची इथेच गल्लत होते. त्या सालचा फोटो समोर ठेवा आणि त्यात असेल तेच छापा. रंगासाठी एका फोटोवर विसंबू नका, जुने रंगीत फोटो पिवळे पडलेले असतात.

तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल सगळ्यांकडे सारखाच असतो, झूल घातली की तो आपल्या घरचा होतो. किटचंही तसंच. पण ही झूल कोणत्याही खोक्यात येत नाही, ती आपल्याच घरातून शोधावी लागते. तुमच्या अल्बममध्ये सोनेगाव विमानतळावरचा फोटो, जुनं तिकीट, बॅगेची चिठ्ठी असेल तर मागची बाजूही स्कॅन करा. साल, ठिकाण आणि फोटोतली माणसं घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून आजच लिहून ठेवा. संपादकांकडे पाठवलंत तर पुढच्या अंकात छापू.

भाचीचं 'डीएम' पर्यंत बसवून झालं आहे. शेवटचा 'ए' कापताना फाटला, रविवारी पुन्हा छापणार आहे.