जुन्या डिझेल जीपला तेलदाबाचे घड्याळ हवेच

बैल आजारी पडला की त्याची नाकपुडी कोरडी पडते, रवंथ थांबते आणि वैरणीवरचे लक्ष उडते. अनुभवी शेतकऱ्यास ही लक्षणे दुरूनच ओळखता येतात. इंजिनाच्या बाबतीत अशी सोय नाही. त्याच्या अंतर्भागातील झीज महिनोन्महिने निमूटपणे चालते आणि ती उघडकीस येते तेव्हा बहुधा वेळ निघून गेलेली असते. भाजीपाला बाजारात पोचविणे, खते-बियाणे आणणे, प्रसंगी रुग्णास दवाखान्यात नेणे ही कामे आजही अनेक गावांत जुन्या डिझेल जीपगाड्यांवर अवलंबून आहेत. अशा गाडीस वंगणतेलाचा दाब दाखविणारे घड्याळ बसविणे ही हौसेची बाब नसून निगराणीचा आवश्यक भाग आहे, असेच मानले पाहिजे.

वंगणतेलाचे, म्हणजे गावच्या भाषेत ऑइलचे कार्य शेतकऱ्यास पाटपाण्यावरून सहज समजेल. इंजिनाच्या तळाशी असलेल्या चेंबरमधील तेल पंप वर खेचतो, ते फिल्टरमधून गाळले जाते आणि बारीक मार्गांनी क्रँकच्या बेअरिंगपर्यंत जाते. तेथे तेलाचा पातळ थर लोखंडास लोखंड घासू देत नाही. डिझेल इंजिनात हवा अतिशय दाबली जात असल्यामुळे बेअरिंगवर पडणारा भारही मोठा असतो. बेअरिंग झिजून फट वाढली, तर पाटास फूट पडावी तसे तेल मध्येच निसटते आणि दाब उतरतो. पट्टी बाहेर काढून तेलाची पातळी पाहणे चांगलेच. परंतु विहिरीत पाणी किती आहे यावरून शेवटच्या वाफ्यास ते पोचते की नाही हे कळत नाही. तेल पोचते आहे किंवा नाही, हे दाबावरूनच कळते.

पुष्कळ जुन्या गाड्यांत या कामासाठी केवळ एक लाल दिवा असतो. त्याचा स्विच सामान्यतः दाब दर चौरस इंचास ५ ते ७ पौंडांच्या आसपास उतरल्यावरच दिवा लावतो. गरम इंजिनाचा वेगातील दाब ४० पौंडांवरून १५ पौंडांवर आला, तरी हा दिवा मौनच धरतो. म्हणजे दिवा संकट येऊन ठेपल्याचे सांगतो. संकट येत असल्याचे सांगत नाही. शिवाय दिव्याचा बल्ब जळाला किंवा तार तुटली, तर तेवढेही सांगणारे कोणी उरत नाही.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. एक असा की, जुने चालक आयुष्यभर दिव्याच्याच भरवशावर गाडी चालवीत आले. ते खरे आहे. परंतु त्या वेळी गाडी नवी होती. झिजलेल्या इंजिनास नव्याइतका विश्वास देता येत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. घड्याळाच्या जोडणीमुळे तेल गळण्यास आणखी एक जागा निर्माण होते. हा धोका खरा आहे, आणि म्हणूनच हे काम घाईने उरकण्याचे नव्हे.

घड्याळे दोन प्रकारची मिळतात. एकात बारीक नळीतून तेलच घड्याळापर्यंत येते. १८४९ साली फ्रेंच अभियंता बूर्दाँ याने पेटंट घेतलेली वक्र नळी दाबाने किंचित सरळ होते आणि काटा फिरविते. दुसरा प्रकार विजेवर चालतो. त्यात तेल चालकापाशी येत नाही. मात्र इंजिनावरील सेंडर आणि घड्याळ एकमेकांस अनुरूप जोडीचेच हवेत, अन्यथा काटा खोटे बोलतो. बॅटरी व तारा जुन्या असलेल्या जीपला पहिला, साधा प्रकारच अधिक भरवशाचा ठरतो.

बसविताना लाल दिव्याचा स्विच काढून टाकू नये. तिकाटी जोड घालून दोन्ही ठेवावेत. जोड घेण्यासाठी जुना स्विच नमुना म्हणून दुकानात न्यावा. ब्रिटिश व अमेरिकन पद्धतीच्या पाव इंचाच्या निम्म्या मापात इंचास अनुक्रमे २८ व २७ आटे असतात. एकाचा जोड दुसऱ्यात थोडासा बसतो, परंतु पुढे आटे खातो आणि गळतो. नळीस इंजिनाजवळ एक-दोन वेटोळे द्यावे, म्हणजे हादऱ्याने ती तुटणार नाही. ती एक्झॉस्टपासून दूर न्यावी आणि पत्र्यातून जाते तेथे रबरी बुश घालावे. काम झाल्यावर इंजिन चालू ठेवून प्रत्येक जोड कोरड्या फडक्याने तपासावा, आणि पहिल्या दोन-तीन फेऱ्यांनंतर पुन्हा तपासावा.

घड्याळ बसविले म्हणजे कर्तव्य संपले, असे मात्र नाही. थंड तेल दाट असल्यामुळे सकाळी काटा वरच राहतो. खरे माप इंजिन पुरते तापल्यावरच मिळते. गाडीच्या पुस्तिकेतील आकडा प्रमाण मानावा. तो उपलब्ध नसल्यास दर १००० फेऱ्यांस सुमारे १० पौंड हा ढोबळ नियम वापरता येतो. महिन्यातून एकदा, गरम इंजिनाचा संथ गतीतील व वेगातील दाब वहीत टिपावा. एका दिवसाच्या आकड्यापेक्षा सहा महिन्यांतील उतार अधिक बोलका असतो.

काटा उतरू लागला की अधिक दाट तेल घालून तो वर आणण्याचा मोह अनेकांस होतो. हा उपाय नव्हे, ही आत्मवंचना होय. त्याने काटा वर येतो, फट भरून येत नाही. दाब कमी दिसल्यास प्रथम दुसऱ्या घड्याळाने खात्री करावी. नंतर पट्टीवरील तेल पाहावे. पातळी आपोआप वाढली असेल आणि डिझेलचा वास येत असेल, तर गळक्या इंजेक्टरमधून किंवा पंपातून डिझेल तेलात मिसळत असण्याचा संभव आहे. ही कारणे दूर झाल्यावरच इंजिन उघडण्याचा विचार करावा. काटा वाटेतच अकस्मात शून्याकडे गेला, तर मात्र पुढच्या गावापर्यंतही न जाता तेथेच इंजिन बंद करावे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हा विषय गावच्या मिस्त्रीसह चालकांपुढे मांडावा, आणि एखाद्या गाडीवर घड्याळ बसवून काट्याचे वाचन प्रत्यक्ष दाखवावे. क्रँक घासून घेण्याचा व बेअरिंग बदलण्याचा खर्च अनेकदा ऐन हंगामात, हातात पैसा नसताना उभा राहतो. तो खर्च घड्याळामुळे कायमचा टळेल असे नव्हे. परंतु तो केव्हा येणार हे आधी कळेल आणि सुगीनंतरचा दिवस निवडता येईल. लहान शेतकऱ्याच्या संसारात एवढी पूर्वसूचनाही मोठ्या मोलाची असते.