विचारल्यावर सांगावं

‘ऑफिसात धर्म आणू नका,’ असं मला अधूनमधून सांगितलं जातं. सांगणारे भले लोक आहेत, पण आमच्या वऱ्हाडातल्या कारंजा गावात धर्म ऑफिसात कधीचाच येऊन बसला आहे. नृसिंह सरस्वतींचं हे जन्मगाव. दत्तजयंतीच्या आधी कुणाचा गुरुचरित्राचा सप्ताह चालू असतो, गुरुमंदिराचा प्रसाद टेबलाटेबलांवर फिरतो. काष्ठासंघ, सेनगण, बलात्कारगण या जैन परंपरांची मंदिरं या गावात आहेत. दशलक्षण पर्वात जैन सहकाऱ्याचा डबा बंद असतो. रमजानमध्ये कुणी रोजा धरून दिवसभर पाण्याचा घोटही घेत नाही. आम्ही एकमेकांना कौतुकानं विचारतो, आणि ते योग्यच आहे. मग मी रविवारी चर्चला गेलो होतो एवढं बोललो, तर त्याचाच प्रचार कसा होतो?

आता आमच्या ख्रिस्ती माणसांचं म्हणणं. सुवार्ता सांगायची आज्ञा आहे, मग वेळकाळ कसला बघायचा, असं ते म्हणतात आणि कवी ना. वा. टिळकांचा दाखला देतात. राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशानं टिळकांना नवा करार दिला आणि १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. गोष्ट खरी आहे, पण ती नीट वाचावी. आधी गप्पा झाल्या त्या काव्याच्या, बरोबरीच्या नात्यानं. टिळकांची नोकरी, रजा, बढती यांतलं काहीच त्या प्रवाशाच्या हाती नव्हतं. पुढे येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी टिळक थबकले ते स्वतःच्या वाचनानं. खुद्द त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला तो १९०० साली, नवऱ्यानंतर पाच वर्षांनी. तिथे नवऱ्यालाही घाई करता आली नाही. आपण तर नुसते सहकारी.

राज्यघटनेचं कलम २५ धर्मप्रसाराचं स्वातंत्र्य देतं. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयानं त्याचा अर्थ लावला, की आपल्या श्रद्धेची तत्त्वं दुसऱ्यापुढे मांडता येतात, पण दुसऱ्याचं धर्मांतर घडवणं हा मूलभूत हक्क नाही. त्या निकालावर पुष्कळ टीका झाली. त्याच्याही आधी, वऱ्हाड जुन्या मध्य प्रदेशात असताना, १९५४ साली, तिथल्या सरकारनं ख्रिस्ती मिशनांच्या कामाची चौकशी करायला नियोगी समिती नेमली. तिचा १९५६चा अहवाल मला बराचसा एकांगी वाटतो. पण त्यातला एक आक्षेप मी झटकू शकत नाही : ज्याच्या हाती औषध किंवा शाळा आहे, त्याला गरजवंत ‘नाही’ म्हणू शकत नाही.

हे मला अनुभवानं कळलं. आमच्या शिपायाचं पोर तापानं फणफणलं होतं. मी त्याला माझ्या टेबलापाशी बोलावून म्हटलं, ‘प्रार्थना करू का?’ तो हात जोडून ‘हो साहेब’ म्हणाला. त्याची रजा माझ्याच सहीनं मंजूर होणार होती, हे मला रात्री घरी आठवलं. त्याचा तो होकार मी होकार मानायलाच नको होता. तेव्हापासून हाताखालच्या माणसापुढे मी आपण होऊन हा विषय काढत नाही. त्याच्यासाठी प्रार्थना करतो, पण घरी, त्याला न सांगता. येशूचा शिष्य पेत्र यानं आपल्या पत्रात लिहिलं आहे, की तुमच्या आशेचं कारण कुणी विचारलं तर सौम्यतेनं, आदरानं उत्तर द्या. आमच्या उपदेशात त्यातलं ‘विचारलं तर’ नेहमी गळून जातं.

नाताळानंतर फराळाचा डबा नेला होता. शेजारच्या टेबलावरच्या ताईंनी करंजी हातात घेऊन विचारलं, ‘भाऊ, तुमच्यात वैऱ्यासाठीबी प्रार्थना करतात म्हणे. जमते का?’ मी म्हटलं, ‘प्रत्येकासाठी नाही जमत. ज्याच्यासाठी जमत नाही, त्याचं नाव रोज घेतो.’ सुटी झाल्यावर आम्ही पाऊण तास बोललो. दुसऱ्या दिवशी मी तो विषय काढला नाही. आठवड्यानं त्यांनीच काढला.